यकृत बदललेल्या माणसाची दुसरी शस्त्रक्रिया

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे कुणी स्वयंपाकावर बोलते, कुणी मुलांच्या अभ्यासावर, कुणी बचतीवर. यंदा चिटणीसबाईंनी मला आग्रह केला की, तुमच्या थोरल्या भावोजींच्या शस्त्रक्रियेची जी माहिती तुम्ही हळदीकुंकवाच्या दिवशी चारचौघींना सांगत होतात, ती सगळ्यांना सांगा. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. डॉक्टरी विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण दवाखान्यात रोग्याच्या उशाशी बसून जे ऐकले, विचारले आणि वहीत उतरवून घेतले, ते सांगायला हरकत नाही असे वाटले, म्हणून उभी राहिले आहे.

यकृत म्हणजे आपण ज्याला लिव्हर म्हणतो ते. ते बदलता येते हे आता लहान मुलांनाही ठाऊक आहे. पूर्वी अशी माणसे वर्तमानपत्रात भेटत, आता ती नात्यागोत्यात भेटू लागली आहेत. पण यकृत बदलले म्हणजे पुढे त्या माणसाला दुसरे काही होणारच नाही असे थोडेच आहे? त्याचाही हात मोडतो, त्याच्याही डोळ्यांत मोतीबिंदू होतो, दाढ किडते, हर्निया होतो. मग पुन्हा भूल घ्यावी लागते. त्या वेळी घरच्यांच्या मनात एकच प्रश्न येतो, "ह्या नव्या यकृताला भूल सोसेल का?" आज मी एवढ्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

आधी यकृताचे काम काय ते पाहू. बरगड्यांखाली उजव्या बाजूला हा अवयव असतो. आपण खाल्लेल्या अन्नाचा रस आतड्यातून आधी त्याच्याकडे जातो. साखर साठवणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारे पदार्थ बनवणे, आणि पोटात गेलेल्या औषधांचा व विषांचा निचरा करणे, ही सारी त्याची कामे. घरात जशी स्वयंपाकघर, कोठीघर आणि मोरी, तसे हे तिन्ही एका ठिकाणी. दारू, कावीळ बी व सी, अंगातली वाढलेली चरबी, लहान मुलांत जन्मतः पित्तनलिका बंद असणे, अशा कारणांनी ते निकामी होते. आपल्याकडे कावीळ झाली की माळ घालतात, उतरवतात, आणि त्यात मोलाचे दिवस निघून जातात. यकृत पुरते गेले की मग ते बदलण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही.

अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल ह्यांनी १९६३ साली पहिला प्रयत्न केला. तो फसला. १९६७ साली त्यांना यश आले. आपल्या देशात १९९४ साली अवयवदानाचा कायदा झाला, आणि १९९८ साली दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात कांचीपुरमच्या एका वीस महिन्यांच्या मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला. तो मुलगा वाचला, वाढला, आणि मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला. पण वेळेवर अवयव मिळणे ही नशिबाची गोष्ट असते. आपले माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईच्या रुग्णालयात गेले, ते यकृत मिळण्याआधीच. मोठ्या माणसालाही जे वेळेवर मिळाले नाही, ते ज्याला मिळाले त्याने आणि त्याच्या घराने ते किती जपले पाहिजे, हे ह्यावरून समजावे.

आता भुलीविषयी. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरात मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध केले आणि लोकांच्या देखत शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या डॉ. सिम्पसन ह्यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. आपण बायकांनी त्यांचे आभार मानावे असे ते काम. क्लोरोफॉर्म धोक्याचा की नाही हे तपासायला निजामाच्या हैदराबादेत १८८८ व १८८९ साली दोन समित्या बसल्या होत्या. त्याच हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दूनजी रोग्यांना क्लोरोफॉर्म देत असत. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतात. ही गोष्ट आपल्या मंडळाला अभिमान वाटावी अशी आहे.

ही जुनी हकीकत सांगण्याचे कारण आहे. "भुलीने लिव्हर खराब होते" असे आपली वडीलधारी माणसे म्हणतात, ते अगदीच निराधार नाही. क्लोरोफॉर्मने काही रोग्यांच्या यकृताला खरोखरच इजा होत असे. १९५६ साली हॅलोथेन नावाचे नवे औषध आले. तेही फार क्वचित, विशेषतः पुनःपुन्हा दिले तर, यकृताला बाधत असे. म्हणून ती भीती लोकांच्या मनात बसली. आता क्लोरोफॉर्म गेला, हॅलोथेनही मागे पडले. सध्या आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन असे वायू देतात, त्यांचा यकृतावर फारच थोडा भार पडतो. स्नायू सैल करण्याचे अॅट्राक्युरियम नावाचे औषध तर यकृताची वाटही पाहत नाही, शरीराच्या उष्णतेने रक्तातच आपोआप मोडून जाते. औषधे बदलली, भीती मात्र जुनीच राहिली.

आमच्या घरी काय घडले ते आता सांगते. आमचे थोरले भावोजी यावल तालुक्यात केळीची शेती करतात. कावीळ बी मुळे त्यांचे यकृत गेले. २०१९ साली पुण्याला त्यांना नवे यकृत बसवले. ते दिले आमच्या थोरल्या जाऊबाईंनी. आपल्या यकृताचा मोठा भाग त्यांनी काढून दिला. जिवंत माणसाचे यकृत असे कापून दिले तरी उरलेला भाग काही महिन्यांत वाढून भरून येतो. जाऊबाई म्हणतात, "मी काय मोठं केलं? केळीचा घड काढून खोड तोडलं तरी बुडातून पील येतंच की." असे म्हणायला छाती लागते.

नवे यकृत छान चालले. पण ह्या शस्त्रक्रियेत पोटावर फार मोठा छेद घ्यावा लागतो, आणि पुढे त्या छेदाच्या जागी हर्निया होणे पुष्कळांच्या बाबतीत घडते. भावोजींना तो झाला. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितले, "तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांना विचारून शस्त्रक्रिया करून घ्या." परंतु गावात ज्याने त्याने भीती घातली. कुणी म्हणाले, नव्या लिव्हरला भूल सोसत नाही. कुणी म्हणाले, एकदा वाचलात, आता देवाची परीक्षा पाहू नका. भावोजी पोटाला पट्टा बांधून दोन वर्षे तसेच फिरले. एका रात्री केळीला पाणी देऊन आले आणि हर्निया अडकला. पोट दगडासारखे झाले, वांत्या सुरू झाल्या. भुसावळला नेले तेव्हा डॉक्टरांनी हलक्या हाताने तो आत सारला म्हणून निभावले. ते म्हणाले, "हा पुन्हा अडकला आणि आतडे काळे पडले, तर अपरात्री घाईने भूल द्यावी लागेल. ती भूल धोक्याची. दिवसा, तपासून, ठरवून दिलेली भूल त्यामानाने पुष्कळ सुरक्षित." हे वाक्य मी वहीत पहिले लिहिले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. जाऊबाईंना सोबत म्हणून मी गेले. शस्त्रक्रियेच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी भावोजींना तपासायला बोलावले. मला वाटले होते पाच मिनिटांचे काम. त्यांनी पाऊण तास घेतला.

घरी आल्यावर मी आमच्याकडच्यांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "ह्यात नवल काय? आमच्याकडे संच दुरुस्तीला घ्यायचा तर परमिटाशिवाय कुणी हात लावतो का?" दीपनगरच्या बायकांना परमिट म्हणजे काय हे मी सांगायला नको. वीज कुठून बंद केली, वाफ कुठून बंद केली, कुणी पाहिले, कुणी सही केली, हे सारे कागदावर आल्याखेरीज मशीन उघडत नाहीत. भुलीच्या आधीची तपासणी म्हणजे माणसाचे परमिटच. आणि परमिटावर खोटे किंवा अर्धवट लिहिले तर काय होते, हेही आपल्याला माहीत आहे.

त्या बाईंनी काय काय विचारले ते क्रमाने सांगते.

पहिला प्रश्न, यकृत कधी बदलले आणि आता कसे चालते? प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत टाळता येण्यासारखी शस्त्रक्रिया करीत नाहीत, कारण तेव्हा औषधांची मात्रा जास्त असते आणि शरीर नव्या अवयवाला नाकारण्याचा धोकाही जास्त असतो. नाकारण्याची लक्षणे दिसत असतील तर आधी त्यावर उपचार करतात. कावीळ किती, रक्त गोठते कसे, रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशी किती, हे सारे कागद त्यांनी पाहिले. आकडे चांगले होते. मी धीर करून विचारले, "बाई, नव्या लिव्हरला भूल सोसेल ना?" त्या म्हणाल्या, "यकृत नीट चालत असेल तर ते औषधांचा निचरा आपल्या यकृतासारखाच करते. मला यकृताची काळजी कमी आहे. त्याला राखणाऱ्या गोळ्यांची काळजी जास्त आहे."

ह्या गोळ्यांचे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे पहारेकरी असतात. नवे यकृत परके असल्यामुळे त्यांना ते चोर वाटते आणि ते त्याच्यावर धावून जातात. म्हणून त्यांना जन्मभर थोडे गुंगीत ठेवावे लागते. त्यासाठी टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशी औषधे देतात. टॅक्रोलिमस जपानमध्ये मातीतल्या एका जंतूपासून मिळाले. त्याच्या गोळ्या बारा बारा तासांनी घ्यायच्या. कमी पडल्या तर पहारेकरी जागे होऊन यकृतावर तुटून पडतात. जास्त झाल्या तर मूत्रपिंड बिघडते, हात थरथरतात, रक्तदाब आणि साखर वाढते. म्हणून रक्तातले प्रमाण वारंवार मोजतात, आणि ते मोजायचे रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी काढतात.

म्हणून त्यांचा दुसरा प्रश्न मूत्रपिंड, साखर, रक्तदाब आणि हृदय ह्यांचा होता. यकृत चांगले असूनही ह्या चार ठिकाणी बिघाड असू शकतो, आणि भुलीत त्रास होतो तो बहुधा तिथे.

तिसरा प्रश्न, कोणत्या गोळ्या, किती, केव्हा? इथे जाऊबाईंचा डबा आणि वही कामाला आली. भावोजींना स्वतःला गोळ्यांची नावे येत नव्हती. "सकाळी दोन पांढऱ्या, रात्री एक पिवळी" असे सांगून भूल देणाऱ्याला काय समजणार? जाऊबाईंनी चौथीपर्यंतच शिकून सुद्धा प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा आणि वेळ वहीत लिहून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी ती वही हातात घेतली आणि म्हणाल्या, "अशी वही प्रत्येकाच्या घरी असती तर माझे अर्धे काम झाले असते."

प्रेडनिसोलोनबद्दल त्यांनी मुद्दाम विचारले. हे स्टिरॉइड बरेच दिवस घेतले की शरीर स्वतःचे तयार करणे कमी करते. शस्त्रक्रियेच्या ताणात जादा गरज पडते, ती भागली नाही तर रक्तदाब एकाएकी उतरतो. म्हणून तेव्हा गरजेप्रमाणे वरून टोचून देतात. काही औषधे अशीही आहेत की ती चालू असताना जखम लवकर भरत नाही. ती शस्त्रक्रियेपूर्वी बदलतात. पण ते ठरवायचे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी, आपण नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शस्त्रक्रियेच्या दिवशी रोग्याला उपाशी ठेवतात. "पाणीसुद्धा नको" म्हटले की आपण बायका गोळ्यासुद्धा देत नाही. इतर वेळी ते ठीक असेल, पण यकृत बदललेल्या माणसाच्या ह्या गोळ्या चुकवायच्या नसतात. आम्हांला सांगितले की सकाळी आधी रक्त काढतील, मग ठरल्या वेळी घोटभर पाण्याबरोबर गोळी द्या. तोंडाने घेता येत नसेल तर नाकातून नळी घालून किंवा शिरेतून देतात, आणि शिरेतून देताना मात्रा पुष्कळ कमी असते. गोळी घेतल्यावर वांती झाली तर आपल्या मनाने पुन्हा द्यायची नाही, नर्सला सांगायचे.

शस्त्रक्रिया सकाळी पहिलीच घेतली. भावोजींना पूर्ण भूल दिली. रक्त नीट गोठत असेल तर ह्या लोकांना कमरेत सुई देऊनही शस्त्रक्रिया करता येते, पण त्यांचा हर्निया मोठा आणि पोटाच्या वरच्या भागात होता. भूल चालू असताना रक्तदाब खाली येऊ न देणे हे मुख्य काम, असे त्या बाईंनी नंतर सांगितले. बदललेल्या यकृताच्या नसा तोडलेल्या असतात, त्यामुळे रक्तदाब उतरला तर आपला रक्तपुरवठा सावरून घेण्याची त्याची शक्ती कमी असते. अडीच तासांनी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जाळी बसवली, पेशंट बोलतो आहे." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. पर्समधून डबा काढून त्यांनी रात्रीची गोळी तपासून पाहिली.

शस्त्रक्रियेनंतर दोन गोष्टी कळल्या, त्या प्रत्येकीने ध्यानात ठेवाव्या. पहिली वेदनेच्या गोळीची. आपण घरी दुखले की ब्रुफेन नाहीतर डायक्लोफेनॅक घेतो. टॅक्रोलिमसबरोबर ह्या गोळ्या मूत्रपिंडाला फार घातक. म्हणून भावोजींना बेताच्या मात्रेत पॅरासिटॅमॉल आणि डॉक्टरांनी ठरवलेली दुसरी औषधे दिली. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने काहीही आणायचे नाही, अशी ताकीद मिळाली.

दुसरी गोष्ट तापाची. पहारेकरी गुंगीत असल्यामुळे जंतूंना रान मोकळे असते. आणि स्टिरॉइडमुळे तापही फणफणून येत नाही. थोडी कणकण, भूक नाही, जखमेला किंचित लाली, एवढ्यावरच डॉक्टरांना गाठावे लागते. म्हणून ह्या रोग्याला भेटायला येणाऱ्यांची जत्रा नको. आपल्या खानदेशात माणूस दवाखान्यातून आला की सारे गाव भेटायला येते, चहा होतो, पोरेबाळे खाटेवर चढतात. माया खरी, पण त्यातून सर्दी-खोकलाही येतो. जाऊबाईंनी पडवीत खुर्च्या मांडल्या आणि सगळ्यांना तिथेच बसवले. चार जणी नाराज झाल्या. होऊ द्याव्या.

खाण्यापिण्याचेही थोडे सांगते. ग्रेपफ्रूट आणि आपले पपनस ही फळे टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढवतात, म्हणून ती वर्ज्य. काही जंतुनाशक गोळ्या आणि बुरशीवरची औषधे ते प्रमाण वाढवतात, तर क्षयावरचे रिफाम्पिसिन आणि फिटावरची काही औषधे ते उतरवतात. सर्दीखोकल्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले तरी "माझे यकृत बदललेले आहे" हे पहिले वाक्य असावे. गुळवेलीचेही असेच. २०२० साली करोनाच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. पुढच्या वर्षी मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या काही रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, हेही खरे. पण आपल्याला त्या वादात पडण्याचे कारण नाही. ज्याचे पहारेकरी डॉक्टरांनी मुद्दाम निजवले आहेत, त्याला प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा पाजून ते जागे करण्यात काय शहाणपण? तेव्हा शेजारणीने प्रेमाने काढा आणला तरी हात जोडावे.

लहान शस्त्रक्रिया म्हणून सांगण्यात कुचराई करू नये. दाढ काढायची असो की मोतीबिंदू, यकृत बदलल्याचे सांगायचेच. एखाद्या मुलीला यकृत मिळाले असेल आणि तिचे लग्न झाले असेल, तर तिलाही मूल होऊ शकते. १९७८ सालापासून अशा माता जगात झाल्या आहेत. मात्र साधारण वर्षभर थांबावे, आणि मायकोफेनोलेटसारखे गर्भाला घातक औषध आधीच बदलून घ्यावे लागते. तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी आणि भूलतज्ज्ञांनी यकृताच्या डॉक्टरांशी अगोदरच बोलून ठेवलेले बरे.

आणि अपघात झाला तर? हायवेवर माणूस बेशुद्ध पडला तर कोण सांगणार? म्हणून खिशात एक चिठ्ठी ठेवावी. यकृत कोणत्या साली व कोठे बदलले, गोळ्यांची नावे व वेळ, रक्तगट, प्रत्यारोपण केंद्राचा फोन, घरचा फोन. तातडीची वेळ असेल तर पुण्यामुंबईची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि तिथल्या डॉक्टरांकडून त्या केंद्राला फोन करवावा. जळगावच्या डॉक्टरांनी असे रोगी थोडेच पाहिलेले असतील, पण फोनवर विचारण्यात कुणालाच कमीपणा नसतो.

शेवटी आपल्या बायकांविषयी दोन शब्द. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. देणे चांगलेच, त्याला मी नाव ठेवत नाही. पण घरातल्या बाईचे यकृत गेले तर तिच्यासाठी किती जण पुढे येतात, हा विचार आपण घराघरांत बोलून दाखवला पाहिजे. मेल्यानंतर अवयव देण्याची सोय आहे, त्याचे वाटप मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील समित्या करतात. ते दान वाढले तर घरच्या बाईच्या पोटावर सुरी चालवण्याची वेळ कमी येईल. आणि जिने यकृत दिले तिनेही पुढे आपल्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ते सांगितले पाहिजे. तिला ह्या गोळ्या लागत नाहीत, पण तिच्याही पोटात काय काढले आहे हे डॉक्टरांना ठाऊक हवे. जाऊबाईंचे कागद मी भावोजींच्याच फायलीत वेगळ्या पाकिटात लावून दिले आहेत.

सारांश असा. यकृत बदललेल्या माणसाला भूल देता येते आणि दुसरी शस्त्रक्रिया करता येते. भिऊन ती लांबवू नये. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना आधी विचारावे, भूल देणाऱ्यापासून काही लपवू नये, गोळी चुकवू नये, मनाने औषध देऊ नये. ह्यातली पहिली दोन कामे डॉक्टरांच्या मदतीने होतात. बाकीची आपल्या हातची आहेत, आणि ती करायला सातवी पास असण्याचीही गरज नाही. एक वही आणि एक पेन्सिल पुरे.

मंडळाच्या कपाटात मी अशा चिठ्ठीचा एक कोरा नमुना ठेवला आहे. यकृत असो, मूत्रपिंड असो, कुणाच्या घरी गरज असेल तिने तो उतरवून न्यावा. लिहिता येत नसेल तिने माझ्याकडे यावे, दुपारी तीननंतर मी घरीच असते.